कचराभूमीवरचे रान आणि महासाथीतले रुग्णालय

शहरातल्या निसर्ग शिक्षण केंद्राची समाजमनातली प्रतिमा शाळेच्या सहलीपुरती मर्यादित राहिली आहे. झाडांची नावे सांगणाऱ्या पाट्या, फुलपाखरांसाठी लावलेली झुडपे, गांडूळखताचा खड्डा आणि सावलीत डबे उघडून बसलेली मुले एवढ्यावर ते चित्र संपते, आणि म्हणूनच मोठी आपत्ती आली की अशा केंद्राला कुलूप लावून सारे लक्ष रुग्णालयांकडे आणि धान्याच्या गोदामांकडे वळवणे प्रशासनाला स्वाभाविक वाटते. २०२० सालच्या कोविड महासाथीत, म्हणजे देशांच्या सीमा ओलांडून जगभर पसरलेल्या साथीत, मुंबईत धारावीला लागून असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाच्या बाबतीत मात्र गोष्टी वेगळ्या घडल्या. टाळेबंदीमुळे उद्यानाचे दार सहलींना आणि फिरायला येणाऱ्यांना बंद झाले, पण त्याच उद्यानाच्या वाहनतळावर जूनच्या आरंभी २०० खाटांचे रुग्णालय उभे राहिले आणि भारतातील सर्वांत दाट वस्त्यांपैकी एका वस्तीतील रुग्णांना घरापासून हाकेच्या अंतरावर प्राणवायूची सोय झाली. ही जागा त्या वेळी मोकळी कशी होती, मुंबईसारख्या शहराच्या ऐन मध्यावर तिच्यावर इमारती कशा उठल्या नाहीत, याचे उत्तर साथीच्या चार दशके आधी घेतलेल्या निर्णयांत आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय त्या रुग्णालयाची हकिगत अर्धवट राहते.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान वांद्रे–शीव जोडरस्त्यावर, धारावी बस आगारासमोर आहे. त्याचा विस्तार सुमारे ३७ एकर असून एका अंगाला मिठी नदी आणि तिच्या पलीकडे वांद्रे–कुर्ला संकुलातील काचेच्या इमारती, तर दुसऱ्या अंगाला धारावीची वस्ती, अशी त्याची चतुःसीमा सांगता येते. आज जिथे दाट झाडी दिसते ती जमीन १९७० च्या दशकापर्यंत मुंबईचा कचरा टाकण्याची जागा होती. तिथे कचरा टाकणे थांबल्यानंतर डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या निसर्गसंवर्धन संस्थेने त्या जागी शहरातील मुलांसाठी निसर्ग शिक्षणाचे उद्यान असावे ही कल्पना पुढे आणली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे बोलण्यातल्या ‘एमएमआरडीए’ने, ती प्रत्यक्षात आणण्याचे काम स्वीकारले. १९८३ साली जागतिक पर्यावरण दिनी, म्हणजे ५ जूनला, पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्या उपस्थितीत वृक्षारोपणास प्रारंभ झाला आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. मधली अकरा वर्षे जमीन सुधारण्यात आणि झाडे जगवण्यात गेली, आणि या कामाला एवढा अवधी का लागतो हे कळण्यासाठी कचराभूमीचा स्वभाव थोडा तपशिलाने पाहावा लागतो.

साठलेला कचरा टाकणे थांबल्यावरही कित्येक वर्षे आतल्या आत कुजत राहतो. हवा न मिळता होणाऱ्या या कुजण्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू तयार होतात, मातीच्या पोकळ्यांत शिरून ते मुळांना लागणारा प्राणवायू हुसकावून लावतात, आणि रोप वरून पाणी मिळूनही मुळांशी गुदमरून मरते. पावसाचे पाणी कचऱ्यातून झिरपताना क्षार, सेंद्रिय आम्ले आणि जड धातू सोबत घेऊन खाली उतरते, आणि हे दूषित पाणी मुळांना जितके अपायकारक तितकेच शेजारच्या नदीलाही. त्यातच कचरा कुजून बसत गेला की जमीन एकसारखी न खचता जागोजागी वेगवेगळ्या प्रमाणात खचते, त्यामुळे कुठे पाणी साचते तर कुठे मुळे उघडी पडतात. अशा भूमीवर आधी बाहेरून आणलेल्या मातीचा थर द्यावा लागतो, मग क्षार आणि दुष्काळ सोसणारी, भराभर वाढणारी आणि पालापाचोळा भरपूर गाळणारी झाडे लावावी लागतात, आणि त्यांच्या सावलीत कुजलेल्या पानांची काळी माती तयार झाली की मगच अधिक नाजूक जातींची पाळी येते. रान नावाची गोष्ट रोपवाटिकेतून ट्रकने आणून मांडता येत नाही. तिचा निम्मा भाग जमिनीखाली, बुरशीच्या तंतूंत आणि किड्यामुंग्यांच्या राबत्यात असतो आणि तो वर्षांच्या हिशेबानेच घडतो.

उद्यानात पुढे शंभराहून अधिक जातींचे पक्षी आणि ऐंशीच्या आसपास जातींची फुलपाखरे नोंदली गेली. नदीकाठाला खारफुटीची दाटी आहे. खारफुटी म्हणजे भरतीचे खारे पाणी सोसून दलदलीत वाढणारी झाडे, आणि मिठीच्या काठावर त्यांतले तिवर प्रामुख्याने दिसते. ओहोटीच्या वेळी तिवराखालच्या काळ्या चिखलातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या असंख्य मुळ्या टोके वर करून उभ्या असलेल्या दिसतात. चिखलात प्राणवायू नसल्याने झाड या मुळ्यांच्या सच्छिद्र सालीतून हवा आत ओढून खालच्या मुळांपर्यंत पोहोचवते, म्हणून त्यांना श्वसनमुळे म्हणतात. धारावीतल्या शाळांची मुले हे सारे पुस्तकातल्या आकृतीऐवजी प्रत्यक्ष पाहू शकतात, आणि निसर्ग शिक्षण केंद्राचे मूळ काम हेच: शहरात वाढणाऱ्या मुलाला सजीवांच्या परस्परावलंबनाची ओळख त्याच्या घराजवळ, कमी खर्चात आणि वारंवार करून देणे. पावसाचे पाणी साठवणे, ओल्या कचऱ्याचे खत करणे, देशी झाडांची रोपे तयार करणे ही कामेही अशा केंद्रात शिकवण्याचाच भाग म्हणून चालतात.

महासाथ या उद्यानाच्या उंबऱ्याशी आली ती १ एप्रिल २०२० रोजी, जेव्हा धारावीत कोविडचा पहिला रुग्ण आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये साडेआठ लाख लोक राहतात असा धारावीचा प्रचलित अंदाज आहे. मात्र दाटी आकड्यांतून जितकी कळते त्याहून एका खोलीच्या मापावरून अधिक कळते. दहा फूट बाय दहा फुटांची खोली, तिच्या एका कोपऱ्यात मोरी आणि दुसऱ्यात ओटा, वर लोखंडी शिडीने चढायचा पोटमाळा, खिडकी असली तर समोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, आणि या जागेत सात-आठ माणसांचे झोपणे, स्वयंपाक, अभ्यास, कधी शिवणयंत्रावरचे कामसुद्धा. या खोलीतल्या एकाला ताप आला तर त्याने ‘स्वतंत्र खोलीत’ राहावे ही सूचना पाळायची कोणी आणि कशी? ऐंशी टक्के वस्ती सुमारे ४५० सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून असल्यामुळे घराबाहेर न पडण्याचा आदेशही दिवसातून दोन-तीनदा मोडणे प्रत्येकाला भाग होते. टाळेबंदीचे नियम ज्या प्रकारचे घर गृहीत धरून लिहिले गेले, तसे घर धारावीत क्वचितच होते, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे.

साथनियंत्रणात दोन वेगळ्या कृती असतात. बाधिताच्या संपर्कात आलेल्या, पण अजून लक्षणे नसलेल्या माणसाला काही दिवस इतरांपासून दूर ठेवणे म्हणजे अलगीकरण, आणि बाधा सिद्ध झालेल्या रुग्णाला वेगळे ठेवून उपचार करणे म्हणजे विलगीकरण. दोन्हींना जागा लागते, आणि धारावीत नेमकी तीच नव्हती. मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने रुग्ण येण्याची वाट पाहण्याऐवजी वस्तीत शिरून त्याला शोधण्याची पद्धत अवलंबली. शोध, माग, चाचणी आणि उपचार अशी तिची चार अंगे होती. खाजगी दवाखाने चालवणारे स्थानिक डॉक्टर संरक्षक पोशाख चढवून एप्रिलच्या उन्हात गल्लीबोळांतून फिरले आणि त्यांनी व महापालिकेच्या पथकांनी मिळून ४७,५०० रहिवाशांची घरोघरी तपासणी केली. शाळा, मंगल कार्यालये आणि क्रीडासंकुल ताब्यात घेऊन तिथे अलगीकरण केंद्रे सुरू झाली, जिथे राहणाऱ्यांना दोन वेळचे जेवण, औषधे आणि डॉक्टर मिळत होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार एप्रिलमध्ये धारावीत ४९१ रुग्ण होते, रुग्णवाढीचा दर १२ टक्के होता आणि रुग्णसंख्या १८ दिवसांत दुप्पट होत होती. मे महिन्यात वाढीचा दर ४.३ टक्क्यांवर आणि जूनमध्ये १.०२ टक्क्यांवर आला, तर दुपटीचा कालावधी जूनमध्ये ७८ दिवसांवर गेला. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी साथ आटोक्यात आणणाऱ्या जगातील उदाहरणांत धारावीचा उल्लेख केला.

निसर्ग उद्यानातले रुग्णालय या प्रयत्नांच्या मधोमध उभे राहिले. मे महिन्याच्या उत्तरार्धात सुमारे दोन आठवड्यांत उद्यानाच्या वाहनतळावर २०० खाटांची तात्पुरती रचना उभारण्यात आली आणि तिथे प्राणवायू पुरवण्याची सोय करण्यात आली. हीच जागा का सोयीची ठरली, हे पाहण्यासारखे आहे. तात्पुरत्या रुग्णालयाला सपाट आणि टणक जमीन लागते, रुग्णवाहिका आत येऊन वळून बाहेर जाईल एवढा रस्ता लागतो, वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी जवळ असावी लागते, प्राणवायूच्या टाक्यांसाठी आगीपासून सुरक्षित अंतर लागते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जागा वस्तीच्या अगदी जवळ असूनही वस्तीच्या आत नको असते. जोडरस्त्याला लागून असलेला वाहनतळ या साऱ्या अटी पुऱ्या करत होता. जवळ असण्याचे मोल हातावर पोट असलेल्या माणसाला अधिक कळते. घरच्या माणसाला दूरच्या, अनोळखी रुग्णालयात नेले की पुन्हा भेट होईल की नाही या भीतीने लक्षणे लपवली जातात, आणि उपचार चालत जाण्याच्या अंतरावर असले की ती भीती ओसरते. मिठीच्या पलीकडे, वांद्रे–कुर्ला संकुलातल्या मैदानावर, याच सुमारास एक हजार खाटांचे मोठे केंद्र उभे राहिले होते आणि तेही एमएमआरडीएनेच उभारले होते. एकच प्राधिकरण, नदीचे दोन काठ, आणि दोन्हीकडे बांधकामाविना राखलेली जमीन, असा तो योग होता.

या रुग्णालयासाठी रान तोडावे लागले नाही, ही बाब बारकाईने नोंदवण्यासारखी आहे. खाटा वाहनतळावर आल्या आणि झाडी जिथल्या तिथे राहिली. या रचनेमुळे उद्यानाचा शैक्षणिक गाभा शाबूत ठेवून त्याचा कडेचा भाग आपत्तीत वापरता येतो हे दिसून आले, आणि शहरातल्या प्रत्येक मोठ्या उद्यानाच्या आराखड्यात अशी कडेची, पक्क्या जमिनीची, पाणी-विजेची सोय असलेली पट्टी मुद्दाम ठेवली पाहिजे, हा निष्कर्ष त्यातून सरळ निघतो.

मोकळ्या हवेचा आणि साथीचा संबंध काय, हे २०२० च्या वसंतात पुरते स्पष्ट झालेले नव्हते. त्या वेळी सर्वाधिक भर हात धुण्यावर आणि पृष्ठभाग पुसण्यावर होता. पुढे हे निश्चित होत गेले की कोविडचा विषाणू बोलताना आणि श्वास सोडताना बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो, हे कण बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात आणि उघड्यावर वाऱ्याने चटकन विरळ होतात. म्हणून वायुवीजन, म्हणजे खोलीतली हवा सतत बदलत राहणे, हा साथ रोखण्याचा एक प्रमुख उपाय ठरला. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन विभागांत झालेल्या रक्तचाचण्यांच्या पाहणीत झोपडवस्तीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली, तर इमारतींत राहणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. धारावी या तीन विभागांत नव्हती, तरी दाट वस्ती आणि कोंदट हवा यांचे मोल माणसाला कसे चुकवावे लागते हे या दोन आकड्यांतून उघड होते. प्रतिपिंड म्हणजे संसर्ग होऊन गेल्यावर शरीराने तयार केलेले संरक्षक प्रथिन, आणि ते सापडणे ही संसर्ग येऊन गेल्याची खूण.

हिरवाईच्या सान्निध्याने रुग्ण लवकर बरा होतो असे पुष्कळदा सांगितले जाते, आणि त्याला आधार म्हणून रॉजर अल्रिच यांच्या १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा दाखला दिला जातो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे त्यात आढळले. अभ्यास महत्त्वाचा असला तरी तो अवघ्या ४६ रुग्णांचा आणि साथरोगाशी संबंध नसलेला होता, तेव्हा त्यावरून झाडांमुळे कोविड बरा होतो असे कोणी म्हणू लागले तर ते विज्ञानाला धरून होणार नाही. उद्यानातल्या रुग्णांना वाचवले ते प्राणवायूने, औषधांनी आणि चोवीस तास उभ्या राहिलेल्या परिचारिकांनी. जमिनीने त्यांना उभे राहायला जागा दिली, आणि तेवढे श्रेयही थोडके नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले आणि पुढच्या काही वर्षांत साथ महाराष्ट्रभर पसरली. तेव्हा गावेच्या गावे ओस पडत आणि माणसे शिवारात, माळावर झोपड्या घालून राहत. उंदीर आणि पिसवांपासून दूर जाणे हे त्या स्थलांतराचे शास्त्र लोकांना पुस्तकातून कळलेले नव्हते, तरी घर सोडल्याने जीव वाचतो हे त्यांनी पाहिले होते. १८९७ साली पुण्यात साथ भडकली तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरजवळच्या मोकळ्या माळावर दवाखाना उघडला आणि रुग्णांची सेवा करतानाच बाधा होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. साथीत रुग्णाला गावाच्या गर्दीतून उचलून मोकळ्या हवेत ठेवण्याचा तो प्रयत्न आणि निसर्ग उद्यानाच्या वाहनतळावरचे रुग्णालय यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर असले तरी तत्त्व एकच आहे.

त्या प्लेगचा आणखी एक परिणाम धारावीच्या अगदी शेजारी पाहायला मिळतो. साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ने दाट वस्त्यांत हवा खेळावी म्हणून रुंद रस्ते आखले आणि दादर–माटुंगा भागात नवी उपनगरी वसाहत रचली, माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स आणि झाडांनी झाकलेले रस्ते ही त्या आखणीची देणगी. एका साथीने माटुंग्याला बागा दिल्या. त्याच काळात धारावीच्या वाट्याला शहराने बाहेर ढकललेले चामड्याचे कारखाने आले आणि पुढे तिच्या कडेला शहराचा कचरा आला. साथीपासून घेतलेला धडा शहराने कोणाच्या अंगणात राबवला आणि कोणाला त्यातून वगळले, याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि म्हणूनच कचराभूमीवर उभे राहिलेले हे ३७ एकरांचे रान धारावीच्या दृष्टीने शोभेची वस्तू नसून उशिरा मिळालेला हक्क आहे.

या हकिगतीची दुसरी बाजू मात्र तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मार्च २०२० मध्ये उद्याने बंद झाली तेव्हा ज्यांच्या इमारतीला गच्ची, आवार किंवा निदान सज्जा होता त्यांना आकाश दिसत राहिले. दहा बाय दहाच्या खोलीतल्या मुलाला ते दिसेनासे झाले. देशभरातल्या पक्षीनिरीक्षकांनी ‘बर्ड काउंट इंडिया’च्या आवाहनावरून घरातून, खिडकीतून पक्ष्यांच्या नोंदी करून त्या एकत्र केल्या, अनेक निसर्ग संस्थांनी व्याख्याने आणि अभ्यासक्रम मोबाइलच्या पडद्यावर आणले, आणि या उपक्रमांनी पुष्कळांना आयुष्यात प्रथमच कोकीळ आणि दयाळ यांच्या आवाजांतला फरक ओळखायला शिकवले हे खरे. पण ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशात, तिथपर्यंत ते पोहोचले नाहीत. निसर्ग शिक्षण केंद्राचे खरे बळ त्याच्या जमिनीत असते, ती चालत जाऊन गाठता येते यात असते, आणि पडद्यावरचे शिक्षण कितीही चांगले असले तरी ते त्या जमिनीची जागा घेऊ शकत नाही.

राज्य शासनाने ‘मिशन बिगिन अगेन’ अंतर्गत ३ जून २०२० पासून मोकळ्या सार्वजनिक जागांत चालण्या-धावण्यास परवानगी दिली. त्याआधी सव्वादोन महिने उद्याने आणि कोंदट बाजारपेठा यांना एकाच मापाने मोजले गेले होते. पहिल्या आठवड्यांत माहिती अपुरी होती, तेव्हा तो निर्णय समजण्यासारखा होता. परंतु उघड्या जागी धोका कमी असतो हे कळल्यानंतर पुढच्या कोणत्याही श्वसनमार्गाच्या साथीत उद्याने सर्वांत शेवटी बंद आणि सर्वांत आधी खुली व्हायला हवीत. त्यासाठी वस्तीवार वेळा वाटून देणे, प्रवेशद्वारावर संख्या मोजणे, लहान मुलांना आणि वृद्धांना सकाळचा वेळ राखून ठेवणे अशा साध्या व्यवस्था आधीच लिहून ठेवता येतात. धारावीसारख्या ठिकाणी हे रुग्णालयाइतकेच सार्वजनिक आरोग्याचे काम आहे.

आणखी एका गैरसमजाला इथेच अटकाव केला पाहिजे. निसर्ग उद्यानात रुग्णालय उभे राहू शकले, तेव्हा गरज पडली की मोकळ्या जागेवर काहीही उभारावे, असा अर्थ त्यातून काढणे सोपे आहे आणि धोक्याचे आहे. मुंबईत दर माणशी खुली जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे असे अभ्यासक सांगत आले आहेत, तर केंद्र शासनाच्या नगर नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत ती दहा ते बारा चौरस मीटर असावी असे म्हटले आहे. इतक्या तुटवड्यात प्रत्येक मोकळा तुकडा कोणाला तरी ‘रिकामा’ वाटतो आणि तिथे वाहनतळ, मंडप, प्रदर्शन, पुनर्वसनाची इमारत असे काही ना काही सुचवले जाते. मात्र २०२० मध्ये ही जमीन हाताशी आली ती आधीची चार दशके तिच्यावर कोणी हात टाकू शकले नाही म्हणून. आज ती बांधकामाखाली गेली तर पुढच्या साथीत, पुढच्या महापुरात किंवा भूकंपात धारावीच्या लोकांनी जायचे कुठे, याचे उत्तर कोणत्याही आराखड्यात सापडणार नाही. मिठीच्या काठावरची खारफुटी आणि त्यामागचे रान पावसाचे पाणी काही काळ धरून ठेवते, ही सेवाही त्याच जमिनीची आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात मिठीच्या काठच्या वस्त्यांनी जे भोगले ते ठाऊक असणाऱ्याला तिचे मोल वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

हे उद्यान धारावीच्या पुनर्विकासासाठी अधिसूचित झालेल्या हद्दीत येत असल्यामुळे त्याच्या भवितव्याविषयी नागरिकांच्या मनात शंका निर्माण झाली, निदर्शने झाली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, जिथे हे उद्यान पुनर्विकास प्रकल्पाचा भाग नाही असे शासकीय यंत्रणेकडून सांगण्यात आले. हे सांगणे दिलासा देणारे असले तरी पुरेसे नाही. न्यायालयापुढे दिलेला शब्द विकास आराखड्यात, नकाशावर आणि सरकारी अधिसूचनेत ठळक अक्षरांत उतरला पाहिजे: ३७ एकरांचा सारा परिसर संरक्षित, रानात बांधकाम नाही, वाहनतळाची पट्टी आपत्तीसाठी राखीव, आणि आपत्ती सरल्यावर तिथली प्रत्येक तात्पुरती रचना ठराविक मुदतीत काढून जागा उद्यानाला परत. मुंबईकर वाचकांनी आपापल्या नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे ही मागणी लेखी करावी, आणि ज्यांनी धारावी बस आगारासमोरचे ते फाटक आजवर नुसते बसमधून पाहिले आहे त्यांनी एकदा आपल्या मुलांना घेऊन आत जाऊन यावे.